फियाट, अँबॅसिडर आणि पसरणी घाट
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तुझ्या क्षेत्राबद्दल वीस मिनिटं बोल." माझं क्षेत्र सॉफ्टवेअर. त्याबद्दल बोलले असते तर पहिल्या पाच मिनिटांत मागच्या दोन रांगा चहाला गेल्या असत्या, आणि पुढच्या रांगेतले लोक मला विचारत बसले असते की आमच्या मुलानं कुठली शाखा घ्यावी. म्हणून मी विषय बदलून घेतला. आपल्या वर्गाचं एक जुनं भांडण आहे, तीस वर्षांचं: फियाट भारी की अँबॅसिडर? २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हा आपल्या ग्रुपवर हे भांडण पुन्हा दोन दिवस चाललं. पन्नाशीकडे निघालेली माणसं नववीतल्यासारखी भांडत होती. मी त्या दोन दिवसांत एक अक्षर लिहिलं नाही. का लिहिलं नाही, ते आज सांगते. पण आधी गाड्या.

आपण ज्याला फियाट म्हणायचो ती इटलीच्या फियाट ११०० ची आवृत्ती. तिकडे ती १९५३ साली आली. आपल्याकडे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनू लागली. १९६४ च्या सुमाराची 'डिलाइट', आणि पुढे सत्तरच्या दशकात तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं. नाव बदललं तरी वाईत कुणीही तिला पद्मिनी म्हटल्याचं मला आठवत नाही. अँबॅसिडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, तिसरी मालिका. हिंदुस्तान मोटर्सनं ती कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला १९५७ पासून बनवली, थेट २०१४ पर्यंत. म्हणजे १९९४ साली आपण बाकावर मुठी आपटून भांडत होतो, तेव्हा दोन्ही गाड्यांचे आराखडे चाळीस वर्षांचे म्हातारे होते. तिकडे जगानं त्या कधीच अडगळीत टाकल्या होत्या. आपल्याकडे परवान्यांच्या राज्यात तिसऱ्या गाडीचा पर्याय फारसा नव्हता म्हणून आपण या दोघींची तुलना करायचो. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली तरी आपल्या गावात डॉक्टरकडे फियाट आणि साहेबाकडे अँबॅसिडर, हा नियम आपण शाळेत असेपर्यंत फारसा मोडला नव्हता.

आता आकडे. फियाटचं इंजिन १०८९ सीसी, अँबॅसिडरचं पेट्रोल इंजिन १४८९ सीसी. फियाटची ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास, अँबॅसिडरची पन्नासच्या आसपास. नववीत माझा सगळा वाद एवढ्यावर उभा होता: पन्नास मोठे की चाळीस? पण फियाटचं वजन नऊशे किलोच्या आत आणि अँबॅसिडरचं अकराशेच्या पुढे. ताकदीला वजनानं भागा. दोन्हीकडे टनामागे साधारण पंचेचाळीस अश्वशक्ती येते. बरोबरी! दोन दिवस ग्रुपवर रक्त आटवलं ते या बरोबरीसाठी.

बरोबरी असली तरी दोन्ही गाड्या चालवायला अगदी निराळ्या, आणि त्याचं कारण सिलिंडरच्या आकारात आहे. फियाटच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनचा वरखाली प्रवास, ज्याला स्ट्रोक म्हणतात, तो ७५. अँबॅसिडरचा व्यास ७३ आणि स्ट्रोक जवळजवळ ८९. म्हणजे अँबॅसिडरचा पिस्टन विहिरीत खोल उतरणाऱ्या बादलीसारखा. इंजिन मिनिटाला चार हजार फेरे फिरतं असं धरा. फियाटचा पिस्टन सरासरी सेकंदाला दहा मीटर वेगानं धावतो, अँबॅसिडरचा जवळजवळ बारा. त्यामुळे अँबॅसिडर फार फिरवायला नको वाटते. तिचा जोर खाली, कमी फेऱ्यांत. चौथ्या गियरमध्ये बैलगाडीच्या वेगानं चालवा, कुरकुर न करता ओढते. फियाटचं इंजिन हलकं, वर अ‍ॅल्युमिनियमचं हेड, फिरायला उतावीळ. तिला गियर बदलत नाचवावी लागते. गंमत म्हणजे अँबॅसिडरच्या याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन, दोन कार्बोरेटर लावून, इंग्लंडच्या एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये बसवलेलं होतं. आमच्या साहेबांना हे माहीत असतं तर त्यांनी मागच्या सीटवर जरा ताठ बसून प्रवास केला असता.

मागच्या सीटवरून आठवलं. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर अँबॅसिडरमध्ये २४६४ मिलिमीटर, फियाटमध्ये २३४०. फरक बारा सेंटिमीटरचा, अर्धी वीत. ही अर्धी वीत मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांना कळते. सरकारनं वर्षानुवर्षं अँबॅसिडर घेतली त्यात या अर्ध्या वितेचा वाटा मोठा आहे असं माझं मत आहे. मागे साहेब, दोन फायली, धोतर सावरत बसलेले एखादे पुढारी, सगळे मावायचे. उलट मुंबईच्या गल्ल्यांत फियाटची चार मीटरच्या आतली लांबी कामाची, आणि कारखाना कुर्ल्यात असल्यामुळे सुटे भाग हाताशी. कोलकात्याच्या पिवळ्या टॅक्सी अँबॅसिडर आणि मुंबईच्या काळ्यापिवळ्या फियाट, यात इंजिनाइतकाच कारखान्याचा पत्ताही महत्त्वाचा होता.

दोन्हीकडे गियरची दांडी स्टिअरिंगखाली, डाव्या हाताला. दोन्हीकडे चारच गियर आणि पहिल्याला सिंक्रोमेश नाही. म्हणजे गाडी चालू असताना पहिला टाकायला गेलं की आतून गिरणीतल्यासारखा आवाज यायचा. त्यामुळे घाटात ड्रायव्हरच्या हातात खरा आधार दुसऱ्या गियरचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता ती गोष्ट.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे की माझे वडील, अण्णा, ड्रायव्हर होते. सरकारी खात्यात. तेव्हा मी ते असं सरळ सांगत नसे. मी म्हणायची, "आमची अँबॅसिडर." पांढरी, मागे पडदे लावलेली, रोज सकाळी आमच्या दारात पुसली जाणारी. ती आमची नव्हती हे सगळ्यांना माहीत होतं आणि मला तर सगळ्यांत जास्त माहीत होतं. त्या गाडीत बसायची मला परवानगीच नव्हती. धुतल्यावर आतून फडकं मारायला मात्र मी जायची, आणि मागच्या सीटवर जरा जास्त वेळ फडकं मारायची.

आठवीची परीक्षा संपली होती. १९९४ चा मे महिना. साहेब पाचगणीला होते, अण्णांना दुपारी रिकामी गाडी घेऊन त्यांना आणायला जायचं होतं. मी हट्ट धरला. अण्णांनी आयुष्यात नियम मोडला असेल तर तो त्या दिवशी. म्हणाले, "दांडेघरला मावशीकडं सोडतो, पण मान खाली घालून बसायचं."

पसरणी घाट सुरू झाला आणि मागून डॉक्टरांची फियाट आली. निळी. हॉर्न वाजला. मी मान वर काढून मागे बघितलं, तर आपल्या वर्गातला डॉक्टरांचा मुलगा पुढच्या सीटवर. त्यानं हात केला. मी अण्णांना म्हटलं, "अण्णा, त्यांना पुढं जाऊ द्यायचं नाही." अण्णा काही बोलले नाहीत, पण त्यांचा पाय खाली गेला.

इथे मला इंजिनिअर म्हणून थोडं थांबावं लागेल. वाई ते पाचगणी बारा-तेरा किलोमीटर, आणि उंचीतला फरक पाचशे मीटरहून जास्त. साडेबाराशे किलोची गाडी तेवढी उंच न्यायची, वीस मिनिटांत. हिशेब केला तर नुसत्या चढासाठी सरासरी सात-आठ अश्वशक्ती पुरतात. घर्षण वगैरे धरून दहा-अकरा. म्हणजे दोन्हीपैकी कुठल्याही गाडीकडे घाट चढण्यापुरती ताकद भरपूर होती. अडचण ताकदीची नसते, उष्णतेची असते. इंजिनात जळलेल्या इंधनातला थोडाच भाग चाकांपर्यंत पोचतो, बाकीची सगळी उष्णता बाहेर टाकावी लागते. सपाट रस्त्यावर समोरचा वारा रेडिएटर थंड करतो. घाटात वेग कमी, वारा नाही, सगळी भिस्त पंख्यावर. पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही इंजिनाच्या पट्ट्यावर. इंजिन जितकं फिरेल तितकाच पंखा फिरणार. म्हणून घाटात दुसरा गियर लवकर टाकून इंजिन मोकळं फिरू द्यायचं असतं. तिसऱ्यात रेटत राहिलं की इंजिनावर भार पूर्ण आणि पंखा मात्र सुस्त. अण्णांना हे माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. पण दांडी खाली-वर करण्यात दोन क्षण जातात आणि तेवढ्यात फियाट पुढे गेली असती. त्यांनी तिसरा सोडला नाही.

अर्धा घाट चढल्यावर काटा लाल भागात गेला. पुढच्या वळणावर बॉनेटमधून वाफ निघाली. अण्णांनी गाडी कडेला घेतली. खाली धोमचं एवढं पाणी चमकत होतं आणि आमच्याकडे प्यायची बाटली सोडून थेंब नव्हता. साहेब वर वाट बघत होते आणि गाडीत मी. कुणी ओळखीचा कर्मचारी तिथून गेला असता तर अण्णांची नोकरी गेली नसती कदाचित, पण मेमो नक्की मिळाला असता. अण्णांचा चेहरा मी तसा आधी बघितला नव्हता. ते गाडीकडे बघत नव्हते, रस्त्याकडे बघत होते.

फियाट पुढे गेली होती. ती थांबली आणि हळूहळू मागे आली. डॉक्टर उतरले, डिकीतून पाण्याचा कॅन काढला. म्हणाले, "अहो, घाई करू नका, झाकण आता उघडू नका." अण्णा म्हणाले, "नाही डॉक्टरसाहेब, निवू देतो." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मग अण्णांकडे, आणि एवढंच म्हणाले, "हिला मी नेतो पुढं. आम्हीही वरच निघालोय." काही विचारलं नाही.

म्हणून मी पसरणीचा उरलेला घाट फियाटमध्ये चढले. मागच्या सीटवर, गुडघे पुढच्या सीटला टेकवून. अर्ध्या वितेचा तो फरक मी त्या दिवशी मोजला. डॉक्टर सारखे गियर बदलत होते आणि इंजिन शिवणयंत्रासारखं पळत होतं. मात्र फियाटही काही राजेशाही थाटात चढत नव्हती. तिचा पेट्रोल पंप इंजिनाच्या अंगाला चिकटलेला. उन्हाळ्यात घाटात तो इतका तापतो की आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. गाडी आचके देऊन बंद पडते. त्यावर सगळ्या फियाटवाल्यांचा एकच उपाय, पंपावर ओलं फडकं. डॉक्टरांनी दांडेघरच्या अलीकडे थांबून बॉनेट उघडलं, फडकं पिळून पुन्हा पंपावर गुंडाळलं. एवढे मोठे डॉक्टर, शर्टाच्या बाह्या वर करून. मला तेव्हा बरं वाटलं, हे कबूल करते.

अण्णा पाऊण तास उशिरा पोचले. साहेबांना म्हणाले, पंख्याचा पट्टा सैल झाला होता. साहेबांनी पुढे विचारलं नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. नववी 'ब', मागचा बाक, पावसाची सुटी मिळेल का याची वाट बघत आपण सगळे बसलो होतो आणि विषय निघाला. मी माझं ठरलेलं पन्नास-चाळीस सांगितलं. कुणीतरी म्हणालं, "पण गाडी तुमची कुठंय? तुझे वडील तर चालवतात." सगळे हसले. आणि मी म्हणाले, "मागच्या महिन्यात पसरणी घाटात आमच्या अँबॅसिडरनं डॉक्टरांची फियाट मागं टाकली. विचारा त्याला."

सगळ्या माना वळल्या. तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. तो दप्तरात काहीतरी शोधत होता. वर न बघता म्हणाला, "हो, टाकली."

ते भांडण तिथंच संपलं आणि पुढे दीड वर्षं मी जिंकलेली होते. त्याच्याशी मात्र मी दहावीपर्यंत नीट बोलले नाही. उपकार करणाऱ्याशी बोलणं त्या वयात फार जड जातं.

पुढे मी मेकॅनिकलला गेले. साठ जणांत आम्ही तीन मुली. दुसऱ्या वर्षी उष्मागतिकी शिकताना मला तो घाट आठवला आणि दिवाळीच्या सुटीत मी वहीत हिशेब मांडला. ताकद, वजन, चढ, सगळं. दोन्ही गाड्या बरोबरीच्या निघत होत्या, मग फियाट इतक्या सहज पुढे कशी गेली? मी वही अण्णांसमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावून आकडे बघितले आणि म्हणाले, "हे पन्नास कुठनं आणलंस? आपली डिझेल होती."

आपली डिझेल होती! ती धडधड मी रोज सकाळी ऐकत होते. माझे पन्नास घरातल्या एका जुन्या पुस्तिकेतले, पेट्रोल गाडीचे. डिझेल अँबॅसिडर १९८० पासून मिळू लागली, इंजिन त्याच १४८९ सीसीचं, पण ताकद सदतीसच्या आसपास. वर वजन जास्तच. टनामागे बत्तीस-तेहतीस अश्वशक्ती पडते, फियाटच्या पंचेचाळीससमोर. घाटात ती गाडी जिंकण्याची शक्यताच नव्हती. आज माझ्या हाताखालची मुलं एका आवृत्तीचे आकडे घेऊन दुसऱ्या आवृत्तीवर वाद घालतात तेव्हा मी त्यांना फार ओरडत नाही, त्याचं कारण हे.

मी अण्णांना विचारलं, "मग तुम्ही दाबली कशाला? तुम्हाला तर माहीत होतं." त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. म्हणाले, "तू सारखी मागं वळून बघत होतीस."

अण्णा जाऊन आता सहा वर्षं झाली. ती अँबॅसिडर त्याआधीच लिलावात भंगारात गेली. डॉक्टरांची फियाट बरीच वर्षं त्यांच्या दवाखान्याच्या मागे ताडपत्रीखाली उभी होती, तुम्ही सगळ्यांनी ती पाहिली आहे.

तर हे मी ग्रुपवर लिहू शकले नाही. पसरणी घाटात फियाट पुढे होती. अँबॅसिडर कडेला उभी होती, तिच्यातून वाफ येत होती, आणि तिच्या रेडिएटरमध्ये गेलेलं पाणी फियाटच्या डिकीतलं होतं. गाडी आमची नव्हती, माझे वडील ती चालवत होते आणि फार चांगली चालवत होते, तेवढा एक दिवस सोडला तर.

तिसऱ्या रांगेत कडेला जो माणूस बसला आहे त्याला मी परवा रात्री फोन केला. तीस वर्षांनी या विषयावर पहिल्यांदा बोललो. विचारलं, "सगळ्यांसमोर सांगू का?" तो बराच वेळ हसला. म्हणाला, "सांग की. पण आमच्या पंपावर ओलं फडकं होतं, तेही सांग. नाहीतर लोकांना वाटेल फियाट फार भारी होती."

ते सांगून झालं आहे. चहा तयार आहे असं मागून खुणावत आहेत.